जे आज उभं आहे त्याचेच पैसे दे

तू गुंतवणूक म्हणून फ्लॅट बघते आहेस, असं ताईनं फोनवर सांगितलं. वाकडला एक बघून झालाय, वाघोलीचा एक मनात भरलाय आणि ऑफिसातली मैत्रीण पुरंदरकडचा प्लॉट सुचवतेय, एवढं कळलं. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. लोकांच्या टायटलचे कागद वाचायचे, साइटवर जाऊन स्लॅब कितवा पडलाय ते बघायचं आणि मग कर्ज द्यायचं की नाही ते ठरवायचं, हेच काम. त्यातून जे हाती लागलं ते तुला लिहून देतोय. बुकिंगचा चेक फाडायच्या आधी हे सावकाश वाच.

एकच गोष्ट पक्की धर, बाकीचं त्यातूनच निघतं. पुण्यात घर किंवा जमीन विकणारा तुला दोन गोष्टी एकत्र विकत असतो: आज जे आहे ते, आणि पुढे जे होणार आहे ते. तू पैसे फक्त पहिल्याचे द्यायचे. मेट्रो येणार, रिंग रोड होणार, डीपी रोड निघणार, महापालिकेचं पाणी येणार. आलं तर तो तुझा नफा. पण ते यायच्या आधीच त्याची किंमत विकणाऱ्याच्या पदरात घातलीस, तर तुझ्या वाट्याला नुसतं वाट बघणं उरतं.

विमानतळाचंच बघ. कित्येक वर्षं तो चाकण-राजगुरुनगरच्या पट्ट्यात होणार म्हणून बोललं जात होतं आणि त्या नावावर तिकडच्या प्लॉटचे भाव सांगितले जात होते. २०१६ मध्ये पुरंदरचं नाव पुढे आलं. मग तिथल्या जागेवरून मागेपुढे झालं, आणि २०२५ मध्येही सात गावांत भूसंपादनाची प्रक्रिया आणि शेतकऱ्यांचा विरोध दोन्ही चालूच होते. या सगळ्या काळात ज्यांनी ‘एअरपोर्ट टच’ म्हणून कर्ज काढून जमीन घेतली, त्यांचे हप्ते मात्र दर महिन्याला वेळेवर कापले गेले. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. तेव्हापासून वाकड, बालेवाडी, हिंजवडीच्या माहितीपत्रकांवर तिचं चित्र छापून येतंय, पण २०२५ च्या पावसाळ्यातही तिच्यात प्रवासी बसले नव्हते. प्रकल्प होतात. मार्च २०२२ मध्ये वनाज-गरवारे मेट्रो सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये पिंपरीकडून येणारी मार्गिका स्वारगेटपर्यंत गेली. पण ज्या तारखेला ते होणार म्हणून सांगितलं जातं त्या तारखेला होत नाहीत, आणि बँक तारीख चुकवू देत नाही.

या शहरात भाव का वाढतात ते समजून घे, म्हणजे कुठे वाढतील याचा अंदाज स्वतःचा स्वतःला करता येईल. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगरसारख्या वसाहती झाल्या, सहकारी सोसायट्यांमुळे शहर पेठांबाहेर पसरत गेलं. पुढे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी तिकडे वस्ती ओढली, मग हिंजवडी आणि खराडीच्या आयटीनं. प्रत्येक वेळी क्रम तोच: आधी लोकांना तिथे राहायची गरज पडली, मग भाव वाढले. गरजेआधी नुसत्या बोलण्यावर वाढलेला भाव टिकत नाही. म्हणून एखाद्या भागात घर बघायला गेलीस की पहिला प्रश्न स्वतःला विचार: आज, या महिन्यात, इथे भाड्यानं राहायला कोण येईल आणि ते कुठे कामाला जात असतील? उत्तर सुचलं नाही तर गाडी वळव.

मगरपट्ट्याची गोष्ट तू ऐकली असशील, पण तिच्याकडे गुंतवणूक म्हणून कधी बघितलं नसशील. हडपसरला शहर अंगावर येऊ लागलं तेव्हा तिथल्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी मिळून चारशेएक एकर जमीन एकत्र केली. सतीश मगर यांच्या पुढाकारानं कंपनी निघाली, ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा, आणि २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. जमीन विकून मोकळं व्हायचं, पैसा दहा वर्षांत संपवायचा आणि आपल्याच जुन्या वावरावर उभ्या राहिलेल्या इमारतीत वॉचमन व्हायचं, हे आजूबाजूच्या किती गावांत झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. या लोकांनी जमीन हातची सोडली नाही. पुढे नांदेड सिटी त्याच वाटेनं गेली. मला मगरपट्ट्याबद्दल मनापासून आदर आहे, कारण भाव जमिनीला असतो, सिमेंटला नसतो, हे त्यांना वेळेवर उमगलं.

तू फ्लॅट घेतेस तेव्हा हेच ध्यानात ठेव. इमारत दरवर्षी जुनी होते, किंमत वाढते ती खालच्या जमिनीची. मग ती जमीन कुणाच्या नावावर आहे? जुन्या सोसायटीतला रीसेलचा फ्लॅट घेताना सेक्रेटरीला पहिला प्रश्न हा विचार: कन्व्हेयन्स झालंय का? म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर चढलीय का? झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे केलाय का? एरंडवणे, कोथरूड, सहकारनगरला आज तीन मजली जुन्या इमारती पाडून उंच टॉवर होताहेत. त्यात सभासदाला जे वाढीव क्षेत्र मिळतं ते या जमिनीच्या जोरावर. कन्व्हेयन्स झालेली, प्लॉट मोठा असलेली, रस्ता रुंद असलेली तीस वर्षांची इमारत मला नव्या कोऱ्या पंचवीस मजली टॉवरपेक्षा जास्त आवडते. त्या टॉवरमध्ये तुझ्या वाट्याला जमिनीचा तुकडा फारच छोटा येतो. जुन्या इमारतीत लिफ्ट नाही, पार्किंग अडचणीचं, हे खरंय. पण तू गुंतवणूक म्हणतेस, म्हणून सांगतो.

आता भाव कसा काढायचा ते. जाहिरातीतला भाव हा विकणाऱ्याचा भाव. पोर्टलवर दिसतो तोही मागणीचा भाव. खरा व्यवहार कितीला झाला ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ मध्ये फुकट बघता येतं. जिल्हा, गाव, सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक आणि वर्ष घाल, त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची यादी येते. एकेक दस्ताचा ‘सूची क्रमांक दोन’, आपण बोलताना म्हणतो तो इंडेक्स टू, उघड. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे आकडे असतात. बाजारभाव म्हणजे सरकारनं वार्षिक दर तक्त्यात, म्हणजे रेडी रेकनरमध्ये, धरलेला. मोबदला म्हणजे प्रत्यक्ष दस्तात लिहिलेली रक्कम. त्याखाली क्षेत्रफळ, घेणाऱ्या-देणाऱ्याची नावं आणि तारीख. त्याच इमारतीतले गेल्या वर्षभरातले पाच-सहा दस्त काढ, मोबदल्याला कार्पेटच्या चौरस फुटानं भाग आणि वहीत लिही. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ नं गुणून घे. ही वही घेऊन बोलणीला बसलीस की समोरच्याचा आवाज खाली येतो. आणि एक बघ: त्या इमारतीत पहिल्यांदा घेतलेले किती जण तीन-चार वर्षांत विकून गेले. बरेच गेले असतील तर कारण शोध. बहुतेक वेळा ते पाणी असतं.

हिशेब तुझ्याच बेतातला मांडून दाखवतो. समज, बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट तू एकटीच्या नावावर घेतेस. बाईच्या नावावर घर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणून पुण्यात तुला सातऐवजी सहा टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. जीएसटी पाच टक्के, म्हणजे ३ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही, हे लक्षात ठेव. एकूण ६६ लाख ९० हजार झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. म्हणजे कर्ज ४८ लाख, आणि तुझ्या खिशातून १८ लाख ९० हजार, तेही फर्निचर, ट्यूबलाइट, पंखे सोडून. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ४१,६५० बसेल.

आता भाडं धर २० हजार. वर्षाचे २ लाख ४० हजार दिसायला बरे दिसतात. मेंटेनन्स महिना साडेतीन हजार धर, मिळकतकर वर्षाला १५ हजार, भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं, आणि रंग, प्लंबिंग, गीझर मिळून १० हजार. उरले १ लाख ५३ हजार. तू घातलेल्या एकूण पैशावर हे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येतं. पहिल्या वर्षी तुझं नुसतं व्याजच चार लाखांच्या घरात जाणार आहे. हप्ता आणि हे निव्वळ भाडं यांतला फरक, महिना २९ हजार, तुझ्या पगारातून जायचा. ‘भाड्यात हप्ता निघतो’ असं कुणी सांगितलं तर त्याला कागदावर हा हिशेब मांडायला लाव. घर घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. हे २९ हजार नोकरी गेली तरी निदान वर्षभर भरता येतील एवढी शिल्लक वेगळी असेल तरच घे. कर्ज बुडालेली घरं मी पाहिलीत. माणसं वाईट नव्हती, हिशेबात श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती.

आणि खिशात एवढे नसतील तर ओढूनताणून दुसरा फ्लॅट करायचं कारण नाही. शेअर बाजारात नोंद असलेले रिट, म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसा गुंतवणारे ट्रस्ट, आहेत. एम्बसी आणि माइंडस्पेस या दोघांकडे हिंजवडी, येरवडा, खराडीतल्या कार्यालयांच्या इमारती आहेत. तू ज्या रस्त्यानं कामाला जातेस त्या रस्त्यावरच्या इमारतींचं भाडं एकेका युनिटमधून थोडंथोडं मिळू शकतं. वरखाली होतं, पण नळ गळाला म्हणून रात्री फोन येत नाही.

महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा, मे २०१७ पासून आहे. तिनं माझ्या काळातली बरीच फसवणूक बंद केली, म्हणून तिचा आधार सोडू नकोस. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक नसताना ‘प्री-लाँच’, ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’ अशा नावानं पैसे मागितले तर उठून यायचं. नोंदणीआधी बुकिंग घेणंच कायद्याला धरून नाही. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम द्यायची नाही. संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून जमिनीवरचे बोजे आणि कोर्टातले दावे वाच, आणि ताबा द्यायची तारीख किती वेळा वाढवून घेतलीय ते बघ. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी असते. बाग, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव शेवटच्या टप्प्यात ढकललेला असेल, तर त्या टप्प्याची तारीख तुझ्या करारनाम्यात लिहून घे. उघडं पार्किंग विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय. त्याचे पैसे वेगळे मागितले तर नाही म्हण. आणि भोगवटा पत्राशिवाय ताबा घेऊ नकोस, ‘नुसत्या किल्ल्या घ्या, सामान नंतर आणा’ म्हटलं तरी नाही.

पाण्याचं मात्र कुठल्या संकेतस्थळावर कळत नाही. पुणं मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर जगतं. शहराला जोडलेल्या गावांत, २०१७ ला आलेल्या अकरा आणि २०२१ ला आलेल्या तेवीसमध्ये, इमारती आधी आल्या आणि पाइप मागून येताहेत. वाघोलीला जायचं तर एप्रिल-मेमध्ये सकाळी सात वाजता जा. गेटवर टँकर किती उभे आहेत ते बघ. मग सोसायटीच्या नोटीस बोर्डपाशी थांब. तिथे महिन्याचं टँकरचं बिल लावलेलं असतं, ‘पाणी सकाळी सहा ते आठ’ अशी चिठ्ठी असते, एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण, बंद असल्याचं पत्र असतं, थकबाकीदारांची यादी असते. त्या बोर्डवर सेल्स ऑफिसपेक्षा जास्त खरं लिहिलेलं असतं. टँकरच्या बिलाला फ्लॅटच्या संख्येनं भाग. तो आकडा वरच्या हिशेबात मेंटेनन्सला जोड आणि मग ते सव्वादोन टक्के कितीवर येतात ते बघ.

त्याच जागी दुसऱ्यांदा जुलैत जा, मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं सहकारनगर, अरण्येश्वर भागात माणसं नेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी घरांत शिरलं. नदी आणि ओढा आपली जागा विसरत नाहीत. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते, ती बघ. तळमजल्याच्या भिंतीवर ओलीचा पट्टा कुठवर गेलाय ते बघ. वॉचमनला, किराणावाल्याला विचार. त्यांना काही विकायचं नसतं.

प्लॉटबद्दल थोडक्यात. गुंठा-दोन गुंठ्याचं स्वस्त आमिष आलं की सातबारा माग आणि ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाच. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, भूसंपादनाचा शेरा तिथे सापडतो. भोगवटादार वर्ग दोन असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. शेतजमीन असेल तर तू शेतकरी नसल्यानं तुला ती घेता येत नाही, आणि कुलमुखत्यारपत्रावर घेतलेली जमीन तुझी होत नाही. अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे सामाईक घ्यायचे आणि आपापसात नकाशा काढून वाटून घ्यायचे, हा प्रकार तुकडेबंदीच्या कायद्यातून पळवाट म्हणून चालतो. सातबाऱ्यावर तू एका अकरांशाची सामाईक मालक राहतेस, तुझा कोपरा कुठला ते कागद सांगत नाही. २०२५ मध्ये सरकारनं त्या कायद्यात शिथिलता जाहीर केली. तरी झोन दाखला, मंजूर ले-आउट आणि नकाशावरचा रस्ता, हे तीन नसतील तर हात लावू नकोस. टेकडीच्या उतारावरचा प्लॉट असेल तर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण आहे का ते महापालिकेत जाऊन विचार, फोनवर नाही.

भाड्यानं देताना ओळखीचा, गाववाला, ऑफिसातला म्हणून नोंदणीशिवाय चावी देऊ नकोस. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकलीय. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच कोर्ट खरं धरून चालतं, खोटं पाडायचं काम तुझं. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही त्याच दिवशी दे. सोसायटी ‘भाड्यानं दिलाय’ म्हणून जास्तीचे पैसे लावेल. सहकारी सोसायटीत हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. नम्रपणे सांग, लेखी सांग. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहायला गेलीस तर मिळकतकरात चाळीस टक्के सवलत असते, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. भाड्यानं दिल्यावर ती सवलत धरू नकोस.

दस्त नोंदवायच्या दिवशी घाई असते. टोकन, फोटो, अंगठा, आणि मागे रांग. तरी डेटा एंट्रीचा मसुदा हातात घेऊन नावाचं स्पेलिंग, पॅन, सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर आणि पार्किंगचा क्रमांक स्वतः वाच. तिथे चूक राहिली तर दुरुस्तीपत्रासाठी पुन्हा विकणाऱ्याला शोधत फिरावं लागतं. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर एक टक्का टीडीएस तू कापून भरायचा असतो, हे विकणारा सांगेलच असं नाही. नंतर वीजमीटर आणि मिळकतकर आपल्या नावावर करून घे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नावावर चढवून घे. आणि नामनिर्देशन राहू देऊ नकोस. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, घर कुणाला जावं ते आपण ठरवायचं तर मृत्युपत्र लागतं, ते वेगळं बोलू. पण सोसायटीचा नामनिर्देशनाचा अर्ज तरी लगेच भर. तीन प्रती द्यायच्या असतात, त्यातल्या एकीवर सेक्रेटरीचा सही-शिक्का घेऊन ती फायलीत लाव.